सगळ्यात चांगली जागा

३ मार्च, सोमवार
मोटारींच्या शर्यतीची तिकिटं काढली. टीव्हीवरची शर्यत नव्हे. खरी. मैदानात जाऊन बघायची. जेवताना जाहीर केलं. ही म्हणाली, उन्हात बसावं लागेल का? कन्या म्हणाली, ओके. त्या ‘ओके’त दडलेला आनंद मला स्वच्छ ऐकू आला. असले आनंद बापालाच ऐकू येतात.

इथे कुणी वाचणारं नाही म्हणून लिहितो. हा सगळा खटाटोप कन्येसाठी आहे. लहानपणी ती दर रविवारी माझ्या पोटावर बसून रेस बघायची. बाबा, लाल गाडी का थांबली? बाबा, तो माणूस का रडतोय? मी सांगायचो. हल्ली कानांत हेडफोन, तोंडात ‘हो’, ‘नको’ आणि ‘बघू’. जूनमध्ये हॉस्टेलला जाणार. त्याआधी एकदा तिने प्रश्न विचारावेत आणि मी उत्तरं द्यावीत, एवढंच. फार मागणं नाही.

संकल्प: शांत राहायचं. घाई नाही, चिडचिड नाही.

६ मार्च, गुरुवार
‘टायर’ या विषयावर छोटंसं भाषण तयार केलं. मऊ टायर, कडक टायर, कोणता केव्हा लावतात, त्यामागची बुद्धी. आधी हिच्यावर प्रयोग केला. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटी म्हणाली, म्हणजे चाकं बदलतात. इतक्या खोल विषयाचा असा भुगा मी पाहिला नव्हता. कन्येला समजेल. तिला माझं डोकं आलंय.

संध्याकाळी सासूबाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, हवापालट म्हणून आमच्याकडे. ही म्हणाली, आईला एकटीला घरी कुठे ठेवणार, तिचंही तिकीट काढा. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. मनातून हबकलो. आता पायऱ्या, ऊन, बाथरूम, सगळं माझ्या गळ्यात. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. पण डोळा नवा आहे. बघीन.”

११ मार्च, मंगळवार
मी लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. लिफ्ट अडकली की आतला माणूस आम्हाला फोन करतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला धीर देणं हे माझं काम. आज एक बाई अडकल्या होत्या आणि दार उघडायला बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, बाई, आहात तिथेच थांबा, धडपड केली की गाडं आणखी बिघडतं. लोकांना दम म्हणून नसतो. हे सांगत असताना मी एकदा पंखा कमी केला, एकदा खिडकीत जाऊन मेकॅनिक निघाला का ते पाहिलं, आणि पाणी घ्यायला उठलो तेव्हा फोनची वायर निघाली. शेजारच्या टेबलावरच्या टकल्याने ती जोडून दिली.

हाच टकल्या नंतर म्हणाला, तुमची तिकिटं वळणावरची? वळणावर काय ठेवलंय! खरी मजा सरळ पट्ट्याला. तू कधी गेला होतास, विचारलं. नाही म्हणाला. अशा माणसाच्या बोलण्याकडे मी लक्षसुद्धा देत नाही.

१२ मार्च, बुधवार
सरळ पट्टा डोक्यातून जात नाही.

तिकीटवाल्यांना फोन केला. आपण रांगेत आहात, असं सांगून त्यांनी गाणं लावलं. ठेवून दिला. पुन्हा केला. पुन्हा रांगेच्या शेवटी, पुन्हा तेच गाणं पहिल्यापासून. दिवसभर करत होतो. ते गाणं पुढे कसं जातं ते अजूनही मला माहीत नाही.

ही म्हणाली, अहो, असू द्या की वळण. गाड्या तिथूनही जाणारच ना? हिला खेळातलं सूक्ष्म कळत नाही.

१८ मार्च, मंगळवार
मैदानाचा नकाशा छापून भिंतीवर लावला. तोड सापडली. आपल्या जागांवर रुमाल टाकून ठेवायचे आणि रेस सुरू झाली की मी गवताच्या टेकाडावरून, पुलावरून, सरळ पट्ट्याजवळून पाहणी करून यायचं. सगळ्यात चांगली जागा सापडली की कुटुंबाला तिकडे हलवायचं. सेनापतीचं काम.

कन्या नकाशासमोर उभी राहिली. म्हणाली, बाबा, मग आपण बसायचं कधी?

प्रश्न! मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर हेडफोन परत जागेवर.

२२ मार्च, शनिवार
मैदानाजवळच्या गावात लॉजवर उतरलो. एकच खोली, चार पलंग, नळ गळका. आज पात्रता फेरी होती. उद्या कोण पुढे उभं राहणार हे त्यात ठरतं. तिघी जाऊन ती बघून आल्या. मी गेलो नाही. मी उद्याच्या पार्किंगची पाहणी केली. कुणीतरी हे करायला हवं. तीन पार्किंगं बघितली, एकही मनात भरलं नाही.

तिघी परतल्या त्या लालबुंद होऊन. सासूबाई म्हणाल्या, त्या जांभळ्या गाडीवाल्या पोराचं काही खरं नाही हो, अगदी शेवटी उभं केलंय बिचाऱ्याला. मी म्हटलं, तो नवखा आहे, पहिलंच वर्ष, त्याच्याकडे बघायचं नसतं. पुढच्या दोघांकडे बघायचं. त्या म्हणाल्या, बरं. पण त्यांचा चेहरा काही बरं म्हणत नव्हता.

२३ मार्च, रविवार, सकाळी
गाडीत लिहितोय. पुढे गाड्यांची लांबलचक रांग होती. मुंगीच्या पावलाने सरकत होती. उजवीकडे मोकळा रस्ता दिसला. हाताशी मोकळा रस्ता असताना रांगेत उभं राहणं हा मूर्खपणा, म्हणून घेतला. तो एका गोठ्यापाशी संपला. दोन म्हशी आमच्याकडे बघत होत्या. गाडी वळवायला जागा नाही, तेव्हा पाठीमागे घेत आलो. सासूबाई मागच्या काचेतून सांगत होत्या, या, या, या, थांबा. डोळा खरंच चांगला झालाय.

पुन्हा रांगेत. आमच्या पुढे जी पांढरी गाडी होती तिचा आता पत्ता नाही. कन्या म्हणाली, “बाबा, तू रांगेत राहिला असतास तर एव्हाना आपण पोचलो असतो.”

पूर्ण वाक्य. किती महिन्यांनी! प्रवास कारणी लागतोय.

त्याच दिवशी, दुपारी
बसलो. जागा बऱ्या आहेत. वळण अगदी पायाशी. पण मोठा पडदा तिरका दिसतो. डावीकडच्या स्टँडमधले लोक आमच्यापेक्षा जास्त खूश दिसतात. त्यांना काहीतरी दिसतंय. टायरचं भाषण सुरू केलं, एवढ्यात इंजिनं सुरू झाली. असा आवाज की छातीचा पिंजरा हलला. सासूबाईंनी कानांत कापूस घातला आणि हसल्या. कन्येने हेडफोन काढून ठेवले.

पाच मिनिटांत पाहणी करून येतो. तिला म्हटलं, हललीस तर बघ. ती म्हणाली, मी कुठे हलतेय?

त्याच दिवशी, तासाभराने, जिन्याखाली
टेकाड: पुढे उंच माणसं. फक्त टोप्या दिसल्या.
पूल: उभं राहू देत नाहीत. चालत राहा, चालत राहा.
सरळ पट्टा: गाड्या जातात. गेल्यावर कळतं.

टकल्याला सोमवारी विचारतो.

इतक्यात आमच्या वळणाकडून गर्जना उठली. हजारो माणसं एकदम उभी राहिली तर होतो तसला आवाज. धावलो. अर्ध्या वाटेत दुसरी गर्जना, या खेपेला पाठीमागून, जिथून मी नुकताच निघालो होतो तिथून. क्षणभर उभा राहिलो. कुठे जावं कळेना. पाणी विकणाऱ्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, कुणीतरी कुणालातरी ठोकलं. कुणी कुणाला? ते त्याला माहीत नव्हतं. तोही गर्जनेकडे पाठ करून उभा होता.

आता आमच्या स्टँडच्या जिन्याखाली आहे. वर जायचं तर पहारेकरी सोडत नाही. मी तिकीट दाखवलं, कुटुंब वर आहे सांगितलं, म्हाताऱ्या सासूबाईंचा डोळाही सांगितला. तो म्हणाला, “साहेब, मधेच चढलात तर मागच्यांच्या आड येता. आहात तिथेच थांबा. सगळं नीट होतं.”

हे वाक्य ऐकणाऱ्याला किती चीड आणतं याची मला कल्पना नव्हती.

इथून एक खांब, एका बाईची टाच आणि आभाळाचा तुकडा दिसतो. शर्यत संपेपर्यंत इथेच. आवाज मात्र उत्तम येतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी, लॉज
काय घडलं ते ऐकलेलं लिहून ठेवतो.

जांभळ्या गाडीचा नवखा पोरगा मागून एकेकाला गाठत आला. कोणाच्या खिजगणतीत नसताना पाचवा होता. आमच्या वळणावर त्याने चौथ्याला आतून गाठायचं धाडस केलं. चाकाला चाक लागलं. गाडी गरगर फिरली आणि कठड्यापाशी, आमच्या जागांच्या अगदी खाली येऊन थांबली. धूर झाला. मग तो बाहेर आला, हेल्मेट काढलं आणि कठड्यावर बसून राहिला. डोकं दोन्ही हातांत. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “लागलं का रे बाळा?” भाषा त्याला कुठली कळणार! पण त्याने वर बघितलं आणि अंगठा दाखवला. सगळा स्टँड टाळ्या वाजवायला लागला. कन्या रडली. आजीला घट्ट धरून रडली.

ही हे सगळं सांगत होती आणि मी विचारत होतो, मऊ टायर होते की कडक? ही थांबली. म्हणाली, गाडी फिरली ना, तेव्हा पोरीने पहिल्यांदा काय केलं माहितेय? तुमच्या खुर्चीकडे वळून म्हणाली, “बाबा, बघ!”

खुर्चीवर रुमाल होता.

म्हणजे एका अर्थी मी तिच्या मनात तिथे होतोच. हे महत्त्वाचं.

गळका नळ बंद करायला तीनदा उठलो. बंद होत नाही.

२४ मार्च, सोमवार
टकल्याने विचारलं, कशी झाली रेस? मी म्हटलं, प्रत्यक्ष जाण्यात जी मजा आहे ती टीव्हीत नाही. तो म्हणाला, तो जांभळ्याचा अपघात कसा दिसला? मी म्हटलं, एका वेगळ्याच कोनातून.

घरी आल्यावर कन्या आपण होऊन माझ्याशेजारी सोफ्यावर बसली. पूर्ण रेस लावली. मला समजावून सांगत होती. बाबा, हा इथे मागे पडला कारण त्याचे टायर संपले होते. बाबा, आता नीट बघ, आता येईल. मी मध्ये बोललो नाही. एकदोन शंका विचारल्या. तिने लहान मुलाला सांगावं तशी उत्तरं दिली. टायरचं सगळं बरोबर सांगत होती. कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणाली, तूच तर सांगायचास.

जांभळी गाडी वळणाजवळ आली आणि तेवढ्यात दारावर कुणीतरी आलंय असं वाटलं. उठलो. दारात कुणी नव्हतं. परत आलो तर तो कठड्यावर बसलेला.

कन्या म्हणाली, मागे घेऊ का? मी म्हटलं, नको, कळलं.

खरं तर घ्यायला हवं होतं.

२९ मार्च, शनिवार
आज जेवताना विषय काढला. म्हटलं, पुढच्या वर्षी मी सगळं आधीपासून नीट आखतो. जागा सरळ पट्ट्याच्याही नको, वळणाच्याही नको, मला एक तिसरीच जागा सुचली आहे. कन्येने आजीकडे बघितलं. आजीने हिच्याकडे. ही म्हणाली, अहो, आमचं ठरलंय. ती सुट्टीत येईल तेव्हा आम्ही तिघी जाऊ. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, तुमची फार दगदग झाली. बघवली नाही.” कन्या म्हणाली, “बाबा, तुला घरीच नीट दिसतं.” प्रेमाने म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

शांतपणे विचार केला. एका दिवसात तीन माणसांना या खेळाचं वेड लावणं हे कोणाचं यश? माझंच. शिवाय घराकडे कुणीतरी राहायला हवं. पुढच्या वर्षी सोफ्यावर बसायचं आणि पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत उठायचं नाही. फोन आला तरी नाही, दार वाजलं तरी नाही. हा संकल्प इतका सोपा आहे की आतापासूनच

बाहेरच्या खोलीत तिघी एकदम खो खो हसायला लागल्या म्हणून लिहिणं टाकून गेलो. जाईपर्यंत थांबल्या होत्या. सासूबाई पदराने डोळा टिपत होत्या, ऑपरेशनचा नव्हे, दुसरा. काय झालं विचारलं.

काही नाही, म्हणाल्या. झालं.