दिसायला देखणा, कामाला बेताचा

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलता आलं असतं, पण माझा फोन हल्ली आईकडेच असतो आणि तुझा प्रत्येक मेसेज ती मलाच मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून दुकानात बसून लिहितो आहे. सोफे भरपूर आहेत, गिऱ्हाईक नाही. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

आईच्या डाव्या कानापुढची गाठ पुढच्या महिन्यात काढायची ठरली. गाठ साधीच दिसते, असं डॉक्टर म्हणाले. पण चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते. ती दुखावली तर डावी बाजू उतरेल आणि हसू पूर्वीसारखं येईल की नाही, ते आधी सांगता येत नाही. एवढं सगळं शांतपणे ऐकून आईनं त्यांना विचारलं, की खाली पार्किंगचे पैसे तासावर घेतात का.

घरी येऊन मी सगळे अल्बम उपसले. आईचा हसतानाचा एकही फोटो नाही. जिथे बघावं तिथे ओठ घट्ट मिटलेले, कोणीतरी तिच्याकडून गुन्हा कबूल करून घेत असल्यासारखे. तेव्हा ऑपरेशनच्या आधी तिचा एक हसरा फोटो काढायचाच, असं ठरवलंय. त्यासाठी कॅमेरा घेतो आहे.

दोन पाहून ठेवलेत. एक काळा, ढब्बू, हातात घेतला की भिंतीला भोक पाडावंसं वाटतं. दुसऱ्याला वरून चांदीसारखी टोपी, अंगावर तपकिरी चामडं, डोक्यावर खटखट फिरणाऱ्या चकत्या. हुबेहूब बाबांचा कॅमेरा, पण आतून आजचा. फोटो दिसतो तो मागचा पडदा उलटा मिटवला की तिथेही नुसतं चामडंच दिसतं. दुकानदार काळ्याचे गुण सांगत होता. मी मान डोलावत होतो आणि बघत दुसऱ्याकडे होतो. तुझं पोट कॅमेऱ्यावर चालतं म्हणून विचारतो, कोणता घेऊ?

कळावे. लोभ नेहमीचा असावा, सल्ला नेहमीपेक्षा छोटा असावा.

तुझा,
धाकटा


दि. ९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चांदी, चामडं, चकत्या, खटखट, सगळं सविस्तर कळलं. त्यातून फोटो कसे येतात, तेवढं लिहायला विसरलास.

माझं पोट नळ, शॉवर आणि कमोड यांच्या फोटोंवर चालतं. कॅटलॉगचं काम. त्यात एक सुख आहे, कमोड कधी विचारत नाही की मी जाड दिसतोय का. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर सांगते. तुझ्या त्या देखण्याला पुढे धरायला मूठ नाही, ओल्या साबणासारखा हातातून सटकेल. हात हलला तर सावरून घ्यायची सोय त्याच्यात नाही, आणि तुझा हात म्हणजे, तू चहा आणलास की निम्मा बशीत असतो. ढब्बू माणसाचा डोळा आपणहून शोधतो आणि माणूस हलला तरी सोडत नाही. तुझा देखणा डोळा शोधेपर्यंत माणूस उठून आंघोळ करून येईल. राहिल्या चकत्या. त्या फिरवून शटरचा वेग आपला आपण ठरवायचा असतो. पंखा किती वर ठेवू हेसुद्धा तू आईला विचारतोस.

तू खुर्च्या विकतोस, म्हणून हे होतं. तुमच्या शोरूमच्या दारातली ती बाकदार पायांची खुर्ची बघ. येणारा प्रत्येक जण तिचं कौतुक करतो आणि बसायला दुसरीकडे जातो.

पार्किंगचं वाचून मी ऑफिसात खो खो हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. कॅटलॉगमधल्या नव्हे, खऱ्या. मला तिचं हसू हवंय रे. ती समोर असताना कधी नीट बघून ठेवलं नाही.

येत्या रविवारी मी माझा कामाचा कॅमेरा आणि दोन दिवे घेऊन येते. तू फक्त मध्ये येऊ नकोस. आणि तोवर काही विकत घेऊ नकोस. घेऊन बसला असशील, हे धरूनच लिहिते आहे.

लोभ आहे, पण तो तुझ्यावर. तुझ्या निवडीवर नाही.

तुझी,
ताई


दि. २० जून

ती. सकलकमोडछायाचित्रकार ताईस,
सा. न. वि. वि.

आपली रविवारची स्वारी थाटात पार पडली. दिवे लागले, पांढरा पडदा लागला, आईला स्टुलावर बसवण्यात आलं. आपल्या कॅमेऱ्यानं तिचे दोन्ही डोळे ताबडतोब शोधले आणि तिनं ताबडतोब ओठ मिटले. आपण विनोद सांगितलेत. तिनं ते लक्ष देऊन ऐकले. फोटो अप्रतिम स्पष्ट आले आहेत, पापण्या मोजून घ्याव्यात. शेजारच्या काकूंनी बघितले आणि पासपोर्ट काढताय का म्हणून विचारलं. बस येईपर्यंत तू तेच फोटो पुन्हा पुन्हा बघत होतीस, ते मला दिसलं, म्हणून आणखी चिडवत नाही.

देखणाच घेतला. तुझं पत्र यायच्या आधीच घेतला होता. रविवारी तो माझ्या स्वेटरांच्या मागे लपला होता.

काल सकाळी तो गळ्यात अडकवून बाहेर आलो. पडदा मिटलेला, मागेपुढे नुसतं चामडं. आई ओट्याशी मटार सोलत होती. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, की बाबांचा कॅमेरा माळ्यावरून कशाला काढलास, घरभर धूळ करशील.

बाबांनी त्यात वर्षानुवर्षं रोल घातलाच नव्हता, हे तुला-मला किती उशिरा कळलं. रोल परवडायचा नाही, पण सहलीला गळ्यात कॅमेरा हवाच. आपण दोघं त्या रिकाम्या डब्यापुढे पोट आत घेऊन, श्वास रोखून उभे. आईला मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं. ती आपल्यामागे उभी राहून बाबांना वाकुल्या दाखवायची, असं तीच सांगते.

मी तिला काही सांगितलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावला. तिनं लगेच बाबांची नक्कल सुरू केली. एक डोळा मिटून, मटाराची शेंग डोळ्याशी धरून मलाच हुकूम, की हनुवटी वर, पोट आत, जरा डावीकडे, अगं ताई तू नाही, तो. मग स्वतःच्याच नकलेला हसत सुटली. मान मागे, तोंड उघडं, खांदे गदगदताहेत, डोळ्यांत पाणी. आत काहीच नाही, असं तिला वाटत होतं. मी चकत्या फिरवत होतो आणि दाबत होतो.

तुझं म्हणणं शब्दन् शब्द खरं ठरलं. कॅमेरा दोनदा हातातून सटकला, पट्टा होता म्हणून वाचला. डोळा शोधायचा सोडून त्यानं फ्रिजचं हँडल शोधलं. सगळे फोटो हलले. एकच बरा आला, तो सोबत पाठवतो. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं का?

लोभ असावा. हात धरून फोटो काढायला शिकवलंस तर तो वाढेलही.

तुझा,
धाकटा


दि. २५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोटो मिळाला. कान स्पष्ट, नाक धूसर, रंग कावीळ झाल्यासारखे. हँडल मात्र फार सुंदर आलंय, आमच्याकडे कॅटलॉगमध्ये चाललं असतं.

तो टेबलावर उभा केला आणि दिवसभर माझ्या हातून काम झालं नाही. आई हसताना एक खांदा वर घेते. मीही घेते, आणि मला वाटायचं ती माझीच खोड आहे. माझ्या कॅमेऱ्यातून हे कधीच निघालं नसतं. हे लिहून देताना मला किती त्रास होतोय, त्याची कल्पना कर आणि सुखी हो. पण याला अक्कल म्हणू नकोस. तू दिसण्यावर भाळलास आणि आई दिसण्याला फसली, एवढंच झालं.

आणि ती फसली, हेच मला डाचतंय. जन्मभर जे तिनं कोणाला काढू दिलं नाही, ते आपण तिला न विचारता काढून घेतलं. ऑपरेशनच्या आधी तिला सांग आणि दाखव. ओरडेल. ओरडू दे, सध्या तोंड दोन्ही बाजूंनी उघडतंय तोवर ऐकून घे.

लोभ या पत्रापुरता जरा वाढला आहे, त्याची सवय करून घेऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. ६ ऑगस्ट

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

बोलताना शब्द अजून ओठांच्या कडेनं सांडतात आणि फोनवर तू सारखं काय, काय करतेस, म्हणून लिहिते. गाठ साधीच निघाली. डावी बाजू उतरली आहे. नस तुटलेली नाही, रुसली आहे, परत येईल, असं डॉक्टर सांगतात. किती येईल ते तिच्या मनावर.

तुझ्या भावानं ऑपरेशनच्या आधी एक अक्षर सांगितलं नाही. म्हणे धीर झाला नाही. चेहऱ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, की आधीचा हसतानाचा फोटो आहे का. मी ठामपणे नाही म्हणून सांगितलं, तर यानं पाकिटातून काढून दिला. मी त्याला पुष्कळ बोलले. निम्मं कळलं नाही, तो त्याचा फायदा.

कॅमेऱ्यावरून तुम्ही भांडता, तेही मला माहीत आहे. पत्रं शर्टाच्या खिशात ठेवून शर्ट धुवायला टाकणाऱ्यानं गुपितं करू नयेत. देखणा घ्यावा की कामाचा, यातलं मला काही कळत नाही. तुमचे बाबा दिसायला देखणे होते आणि कामाला बेताचे. मी काही परत केले नाहीत.

आता रोज सकाळी त्या बाई मला आरशापुढे बसवतात. आरशाला तो फोटो टेकवून ठेवलाय आणि त्यातल्या बाईसारखं हसायचं असतं. मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. आरशात आपण केस विंचरायला बघतो, हसायला कोण बघतं? दात वाकडे म्हणून मी कायम ओठ मिटून घेत आले आणि आता तेच ओठ उघडावेत म्हणून घाम गाळते आहे. छान हसते गं ती. पहिले काही दिवस मला तिचा रागच यायचा. परवा डावा कोपरा जरासा हलला. बाईंना दिसला नाही, पण मला आतून कळला.

ऑपरेशनच्या वेळी मीच तुला येऊ दिलं नाही, आता तू येणार आहेस, असं कळलं. दारात मला बघून चेहरा पाडू नकोस, घरात एक पडलेला आहे तो पुरे. खोटं कौतुकही नको. लोभ आहे तसा राहू दे आणि सरळ आत ये. तुला बघून मी हसणारच. त्यातलं निम्मं दिसेल, बाकीचं तू धरून चाल.

तुझी,
आई