बंदराखालचा डोंगर

बाबा, परवा गावच्या सभेत तुमची साक्ष काढली गेली. तुम्ही नव्हतात, म्हणून ती मी दिली. तेव्हापासून तोंडाला चव नाही, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगावं असं नाही. म्हणून तुमच्याच ओटीवर बसून तुम्हालाच लिहिते आहे.

आधी बंदराचं सांगते. ज्या बंदराच्या भरावासाठी तुम्ही उभी हयात डंपर हाकलात, तिथं मला इंजिनिअरची नोकरी लागली तेव्हा तुम्ही चौक गावच्या नाक्यावर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना पेढे खिलवलेत. त्या वेळी बोटी लागायचा तो धक्का मला किल्ल्यासारखा वाटायचा. खाली पाणी, वर आपण, आणि मध्ये भरपूर अंतर. आता तसं राहिलेलं नाही. समुद्र वर्षावर्षाला चढतो आहे. पावसाळ्यात उधाणाची भरती असली आणि वारा दर्याकडून असला की पाणी धक्क्याच्या कडेवरून आत येतं. लाटबिट नसते, गाजावाजाही नसतो. सांडलेलं दूध ओट्यावरून पसरतं तसं येतं आणि पसरतं. गेल्या पावसाळ्यात मी घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभी होते आणि माझ्या पाठीमागे सगळ्या क्रेन गप्प होत्या, कारण विजेच्या केबलींच्या चरात पाणी शिरलं होतं. शेजारच्या धक्क्यावर तेल उतरतं, त्यातलं काही नौदलाच्या बोटींना जातं. तोही बंद. एक लढाऊ बोट तेलासाठी आलेली, ती दिवसभर बाहेर ताटकळत राहिली. आमचे साहेब मला म्हणाले, "शत्रूला काही करायला नको, त्यानं नुसती अमावास्या-पौर्णिमा बघून यावं." आम्ही दोघंही हसलो.

तर आता धक्का उंच करायचा आणि बाहेरून मोठा दगडी बंधारा घालायचा, असं ठरलं आहे. देशाच्या सुरक्षेचं काम, थांबायला वेळ नाही. त्याला दगड लागणार. चांगला, काळा, समुद्रानं खाल्ला तरी लवकर न संपणारा, आणि जवळचा. मी नकाशे घेऊन बसले बाबा, खरंच बसले. काही डोंगर जंगलखात्याचे, काहींवर मुंबईकरांचे बंगले चढलेले, काहींचा दगड ठिसूळ, काही आधीच खाऊन संपलेले. फिरून फिरून बोट एकाच ठिकाणी यायचं. आपल्या गावाच्या पूर्वेचा डोंगर, ठाकरांच्या वाडीवरचा.

तुम्ही मला पहिल्यांदा दर्या दाखवलात तो दिवस आठवतो? मे महिना आहे, शाळेला सुट्टी आहे, आणि मी डंपरच्या केबिनमध्ये तुमच्या शेजारी बसले आहे. सीट इतकी तापलेली की फ्रॉकखाली आईचा टॉवेल घातलाय. मागे आपला पश्चिमेचा डोंगर भरलेला आहे. बंदरात पोचल्यावर मला दर्या दिसतच नाही, दिसतो तो नुसता चिखल, नजर जाईल तिथवर. तुम्ही डंपर मागे घेता, पाठ उचलता, आणि दगड गडगडत खाली जातात. चिखल त्यांना गिळतो आणि वरून पुन्हा सारखा होतो. मी रडायच्या बेताला आले आहे. एवढ्या लांब आणलेला डोंगर गेला कुठं? तुम्ही हसता. "ग्येला नाय गं. खाली बसलाय तो. उद्या हितं मोठमोठ्या बोटी लागतील ना, तवा त्या सायबांच्या पायाखाली आपला डोंगर असंल." हे वाक्य तुम्ही पुढे जन्मभर सांगितलंत. नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला. आई चिडवायची, "यांना वाटतं बंदराचा सातबारा यांच्याच नावावर हाय."

पण त्याच दिवशी परत येताना दुसरं एक झालं. मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, आपला डोंगर संपला तर काय झालं, वाडीवरचा आहे की अजून. लोधिवलीच्या अलीकडे तुम्ही डंपर बाजूला घेतलात, इंजिन बंद केलंत आणि माझ्याकडे वळून पाहिलंत. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशी मात्र मारता की काय असं वाटलं. "डोंगर म्हंजी वाल हाय का गं? यंदा काढला न् पुढल्या साली पेरला?" एवढंच. मग तुम्ही पुन्हा इंजिन चालू केलंत. मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात.

पश्चिमेचा डोंगर गेला तशी आपल्या घरात दुपार शिरली. आधी तीन वाजले की स्वयंपाकघरात गारवा यायचा, आई पाट उशाला घेऊन तिथंच जरा आडवी व्हायची. डोंगर उतरत गेला तसं ऊन खिडकीतून थेट चुलीपर्यंत यायला लागलं. आईनं खिडकीला गोणपाट लावलं, ते ओलं करून पाहिलं, आणि एक दिवस भाकरी थापता थापता ती तुम्हाला म्हणाली, "तुमी डोंगर नेला तिकडं. आता ह्ये ऊन मी कुठं नेऊ?" तुम्ही ताटावर होतात. आईला तुमच्याकडून एखादा टोमणा परत यायची अपेक्षा होती, नेहमीसारखा. तुम्ही पाणी प्यायलात, हात धुतलेत, बाहेर ओटीवर गेलात आणि तुमची ती नायलॉनच्या पट्ट्यांची लोखंडी खुर्ची उचलून फिरवलीत. तोवर ती पश्चिमेकडे तोंड करून असायची. त्या दिवशी तिची पाठ पश्चिमेला झाली आणि तोंड वाडीवरच्या डोंगराकडे. मग ती कधीच परत फिरली नाही. पाहुणा आला आणि त्यानं ती सरळ करून ठेवली, तर तो उठल्यावर तुम्ही पुन्हा वळवायचात. शेवटच्या आजारातही तुम्हाला धरून तिथं आणून बसवावं लागे, तोंड पूर्वेला. बंदर पुरं झाल्यावर तुम्ही ते बघायला एकदाही आला नाहीत. मी किती वेळा म्हटलं, पास काढते, गाडी पाठवते. "माजं बघून झालंय," म्हणायचात.

परवाची सभा देवळापुढच्या मांडवात होती. साहेबांनी मला मुद्दाम बरोबर घेतलं. गाडीत म्हणाले, "गाव राजी असेल तर पावसाळ्याआधी काम सुरू होईल. नसेल तर कोर्टकचेरी, म्हणजे दोन-तीन पावसाळे गेले. तुम्ही इथल्या, तुमचं ऐकतील." मी इथलीच होते, आणि ते ऐकणारच होते. गावातल्या पोरांना मोहोपाड्याच्या कारखान्यांत नोकऱ्या आहेत, त्या कारखान्यांचा माल त्याच बंदरातून येतो, हे मी सांगितलं. बंदर बुडालं तर गॅसची टाकी, गाडीचं पेट्रोल, सीमेवरच्या जवानाची रसद, सगळं अडेल, हेही सांगितलं. यात एक शब्द खोटा नव्हता, बाबा. मला खरोखर भीती वाटते त्या पाण्याची.

वाडी मागे बसली होती. ठाकरांची पंधरा-वीस घरं, डोंगर गेला की त्यांना उठावं लागणार, आणि त्यांचा झरा तर डोंगराबरोबरच जाणार. तिथून वाडीवरची मावशी उठली. तीच, खाणीत पाट्या वाहणारी, जिला अडलेली असताना तुम्ही डंपरमध्ये घालून कर्जतच्या दवाखान्यात नेलं होतंत. आता पार वाकली आहे. ती साहेबांशी बोललीच नाही, माझ्याशी बोलली.

"आमचा दगड घातल्याव पानी थांबंल?"

"थांबेल, मावशी."

"कवापत्तूर?"

"तुझी नातवंडं म्हातारी होईपर्यंत तरी."

"आन् मंग?"

मग आणखी एक डोंगर, असं उत्तर होतं, पण ते कसं द्यायचं? साहेब घसा खाकरून काहीतरी आकडे सांगायला लागले. मावशीनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"मला त्यातलं काय कलत नाय. तुजा बाप आमाला खोटं बोलला नाय कदी. सुरुंग लावायच्या आदी हारन वाजवून वाजवून आमची पोरंढोरं आत घालाया लावायचा. तो आज असता तं काय बोलला असता, तेवडं सांग. तो बोलला असता तसं आमी करू."

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. आणि मी म्हणाले, "बाबा म्हणाले असते, द्या. देशाच्या कामाला लागतोय, द्या. ते म्हणायचे, बंदरातल्या साहेबांच्या पायाखाली आपला डोंगर आहे." गावातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, कारण ते वाक्य त्यांनी तुमच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. मावशी म्हणाली, "तो बोलला आसंल तं मंग झालं." आणि ती खाली बसली. कागदावर अंगठे उठायला सुरुवात झाली. परतताना साहेबांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, तुमच्या वडिलांनी काम केलं.

तुम्ही खरंच काय म्हणाला असता, मला माहीत नाही. रात्रंदिवस विचार करते आहे. कदाचित 'द्या'च म्हणाला असता, तुम्हाला त्या बंदराचा अभिमान होताच. पण नाक्यावर बोलणारा बाप होता तसा ओटीवर न बोलणाराही होता. मी त्यातला निम्मा बाप मांडवात नेला आणि निम्मा घरी ठेवला. सोयीचा होता तेवढा नेला.

आई गेल्यापासून हे घर बंदच असतं. आज उघडलं, झाडून घेतलं, खुर्ची बाहेर काढली. पट्ट्या दोन ठिकाणी तुटल्यात, पण बसता येतं. मी ती पूर्वेला ठेवली. वाडीवर संध्याकाळचा धूर निघत होता, कुणीतरी झऱ्यावरून हंडा घेऊन उतरत होतं. मावशीची सून असावी. मला बघून तिनं हात केला, मीही केला, आणि मग मला तिकडं बघवेना. म्हणून खुर्ची पश्चिमेला वळवली. तिकडं तुम्ही नेलेल्या डोंगराची जागा, आणि तिच्यातून येणारं तिरपं ऊन थेट डोळ्यांत. बराच वेळ मी ती खुर्ची हातात धरून उभी होते. शेवटी आत नेऊन भिंतीला टेकवून ठेवली आणि खाली जमिनीवर बसले.

हे तुम्हाला पोचणार नाही, ते जाऊ दे. पोचवायचं असेल तर ते चालत जाण्याइतक्या अंतरावर वाडीत पोचवायला हवं, मावशीसमोर बसून वाचायला हवं, अजून दगडाला हात लागलेला नाही तोवर. मी उद्या सकाळी लवकर निघणार आहे, पनवेलला बैठक आहे. वाडीवर जाणार नाही.

खुर्चीचं मी सभेत सांगितलं नाही, बाबा. मावशीनं विचारलं तेव्हा पहिली तीच आठवली होती.