दारावरची पाटी

१ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून प्लास्टिक बंद. पूर्ण बंद. कायमचं.

ही रोजनिशीसुद्धा पुठ्ठ्याच्या बांधणीची घेतली आहे. वर प्लास्टिकचं वेष्टन होतं, पण ते दुकानदाराचं.

कारण लिहून ठेवतो. सोसायटीने ठरवलंय की महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये सर्वांत कमी कचरा करणाऱ्या घराला पाटी द्यायची. पितळी. 'प्लास्टिकमुक्त घर' आणि खाली नाव. आमच्या दारावर अजून बाबांचीच पाटी आहे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मीटर बघायला येणारा माणूस मला बाबांच्या नावाने हाक मारतो आणि मी ओ देतो. आई म्हणते, ती पाटी काढायची नाही. शेजारी तुझी लाव, पण आधी लावण्यासारखं काहीतरी करून दाखव.

दाखवतो.

३ मार्च
नियम वाचले. सगळा रोख 'एकल वापर' प्लास्टिकवर आहे. म्हणजे जे एकदाच वापरतात ते. मग दोनदा वापरलं की प्रश्न मिटला! इतकी साधी गोष्ट अजून कोणाच्या डोक्यात कशी आली नाही?

ऑफिसात सकाळचा चहाचा कप दुपारी पुन्हा वापरला. मधल्या वेळात कॅशियरने त्यात पेन्सिलीला टोक केलं होतं. चहाला लाकडाची चव आली. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

५ मार्च
साधनं ऑनलाइन मागवली. बांबूचे टूथब्रश (बारा), स्टीलच्या स्ट्रॉ, स्ट्रॉ धुवायचे ब्रश, अन्न झाकायला मेणाची कापडं, आणि 'मी प्लास्टिक वापरत नाही' असं छापलेल्या पाच पिशव्या. बायको म्हणाली, जुन्या पडद्यांच्या नऊ पिशव्या दाराच्या खुंटीवर आहेत आणि या घरात स्ट्रॉने कोणीही काहीही पीत नाही. तिला दृष्टी कमी.

९ मार्च
सात पार्सलं आली. पार्सलात पिशवी, पिशवीत फुगे-फुगेवालं प्लास्टिक, त्यात आणखी एक पिशवी, त्यात ब्रश. प्रत्येक ब्रशला वेगळी. ढीग सोफ्याच्या हातापर्यंत आला. आईने एकदा ढिगाकडे बघितलं, एकदा बाबांच्या पाटीकडे.

हे प्लास्टिक मी केलेलं नाही. कंपनीने केलंय. मी फक्त दार उघडलं. पण आमच्या डब्यात दिसलं तर लोकांना हा बारकावा कळायचा नाही.

१० मार्च, पहाटे ५.३५
विल्हेवाट लावली. समोरचे मास्तर रिटायर्ड, एकटे. त्यांचा डबा जिन्याखाली असतो आणि आठवडाभर रिकामाच असतो. जागा वाया घालवणं हाही अपव्ययच. शिवाय स्पर्धेत त्यांचाच काय तो धोका होता. मनात तसं काही नव्हतं, पण एका दगडात दोन पक्षी पडले.

१४ मार्च
कचरागाडीवरच्या मावशींना ओला-सुका समजावून सांगितलं. वीस मिनिटं. त्या एकोणीस वर्षं हेच काम करतात, पण ऐकून घेतलं. तक्ताही दिला. टिकावा म्हणून लॅमिनेट केलेला.

त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. घरात जास्तीचे हातमोजे आहेत का, विचारत होत्या. मी म्हणालो, हातमोजे बहुतेक प्लास्टिकचेच असतात, त्यामुळे मला तत्त्वतः देता येणार नाहीत.

१८ मार्च
मेणाचं कापड गरम भाजीवर झाकलं. मेण भाजीत. बायको म्हणाली, "त्या कापडाची विल्हेवाट लाव. भाजीची वाट लावलीस तेवढी पुरे."

आई दुधाच्या पिशव्या धुऊन स्वयंपाकघरातल्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घालते आणि महिन्याने भंगारवाल्याला देते. खिडकीतून दिसतं ते. कमिटीवर वाईट छाप पडेल, महिनाभर थांब म्हणालो. तर म्हणे, तू शाळेत होतास तेव्हापासून धुते आहे, आज दिसलं का?

२२ मार्च, पहाटे ५.४०
धान्यासाठी काचेच्या बरण्या मागवल्या होत्या. काच म्हटल्यावर कंपनीने काळजी जरा जास्तच घेतलेली. मास्तरांचा डबा मिटेना, म्हणून पायाने दाबत होतो. तेवढ्यात मास्तर बनियनवर बाहेर. मी म्हणालो, व्यायाम करतोय. ते म्हणाले, गुडघा जरा वर घ्या, आणि आत गेले. भोळा माणूस.

३० मार्च
भाषण तयार. दीड पान. बाबांच्या पाटीशेजारी ड्रिलने दोन भोकं पाडून ठेवली. उद्या घाई नको.

१ एप्रिल, सकाळी ७
काल मीटिंग झाली.

अध्यक्ष म्हणाले, निकाल कमिटीचा नाही. कोणाच्या डब्यात काय असतं हे एकाच माणसाला ठाऊक, म्हणून निवड मावशींवर सोपवली आहे. हे आधी सांगायला हवं होतं. मावशी उठल्या. बोटाला तीच चिंधी. आमच्या फ्लॅटचा नंबर सांगितला.

मी खिशातून भाषण काढून उभा राहिलो.

"बसा साहेब," मावशी म्हणाल्या. "मी आजींचं आणि ताईंचं म्हणते. त्यांच्या डब्यात भाजीच्या सालींशिवाय काही नसतं. तुमचा कचरा मास्तरांच्या डब्यात येतो. पार्सलांवर तुमचं नाव असतं ना. मला वाचायला वेळ लागतो, पण महिनाभर वाचून वाचून आता पाठ झालंय."

आणि त्यांनी माझं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. या सोसायटीत असं पहिल्यांदाच कोणी घेतलं.

कोणी हसलं नाही. मास्तर तेवढे हळूच म्हणाले, "गुडघा वर."

मला लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही. तसं पाहिलं तर पाटी आमच्याच घराला मिळाली. म्हणजे नेतृत्व कुठेतरी झिरपलं असणार.

मावशींसाठी चांगले जाड हातमोजे मागवले. पार्सल परवा येईल.

४ एप्रिल, सकाळी ६
पाटी परवा आली. वर आईचं नाव, खाली बायकोचं. आई म्हणाली, भोकं पाडलेलीच आहेत, लावून टाक. लावली. सरळ बसली आहे. मीटरवाला काल येऊन गेला. पाटी वाचली, आणि मला बाबांच्या नावाने हाक मारली.

पाटीवर तीन थर प्लास्टिक होतं, हातमोज्यांवर दोन. सगळं गोळा करून सवयीने जिन्याखाली गेलो.

मास्तरांनी डब्याला कुलूप लावलंय.