कापराचं कापड

३ मार्च २००८, सोमवार

नळ्या आहेत! खरंच नळ्या आहेत!

पुण्याहून सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले. माझे गाईड गांगुर्डे सर, त्यांनी ईमेल उघडली आणि स्वतः न बघता खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मीना, तूच बघ आधी." पडद्यावर शेवयांचा गुंता! एकेक शेवई केसाहून हजारो पटींनी बारीक. एकीचं टोक तुटलेलं — आत पोकळ.

पूजेच्या दुकानातला कापूर हा! भट्टीत तापवला, त्याची वाफ लोखंडाच्या कणांवरून नेली, आणि आतल्या कार्बनने आपलं आपण हे विणलं. मी फक्त गॅसची तोटी फिरवत होते. कॉलेजचे तास घेऊन उरलेल्या वेळात पीएच.डी. करते म्हणून स्टाफरूममध्ये हसतात. "काय मॅडम, काजळी झाली का गोळा?" हो. झाली.

१४ मार्च

लोडशेडिंग. भट्टी मध्येच गार. काचेची नळी चिकट, तपकिरी. परत सगळं.

२ एप्रिल, बुधवार

शाई जमली! पूड पाण्यात मिसळेचना, वर तरंगायची. साबणासारखं द्रव्य घालून ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवली, तर काळीभोर शाई. मालेगावचं साधं सुती कापड त्यात बुडवलं, वाळवलं, परत बुडवलं. मीटरच्या पिना टेकवल्या — वीज जाते! कापडातून! चुरगळलं, घडी घातली, तरी जाते.

सर म्हणतात, खरी गंमत जागेची आहे. चिमूटभर पुडीचा पृष्ठभाग उलगडला तर आमच्या दोन खोल्या भिंतींसकट झाकल्या जातील. वीज त्या पृष्ठभागावर बसून राहते. चिमटीत एवढी जागा कुठून येते? मला कळतं, आणि तरी कळत नाही.

१० एप्रिल

दुसरा महिना आहे! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नवऱ्याला, यादवला फोन केला, तर एकलहऱ्याहून तसाच आला — पॉवर स्टेशनचं हेल्मेट डोक्यावरच. रिक्षावाल्यानेही काही म्हटलं नाही म्हणे.

अजून कुणाला सांगायचं नाही. सरांनाही नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

लागला! दिवा लागला!

काळ्या कापडाचे दोन तुकडे, मध्ये जेल लावलेला टिपकागद. अशा तीन जोड्या एकीला एक जोडल्या. पेन्सिल सेलवर भरल्या, सेल काढून टाकले आणि इवलासा तांबडा दिवा जोडला. लागला! सरांनी तो पट्टा माझ्या मनगटाभोवती गुंडाळला. तरी लागलेलाच!

"अगं, वाकतंय आणि विझत नाही!" सर. साठीला आलेला माणूस. बाहेर परीक्षेची घंटा झाली, पोरं ओरडत जिन्यावरून गेली, आणि माझ्या हातावर कापराचा दिवा. हळूहळू मंद होत गेला. मला वाटलं, काहीतरी मोठं माझ्या हाताला धरून उभं आहे.

घरी यादवला सांगितलं. "आमच्याकडे रेल्वेच्या वाघिणीच्या वाघिणी भरून कोळसा येतो, तेव्हा दिवा लागतो. आणि तू..." माझं मनगट उलटसुलट करून बघत बसला.

२९ मे, गुरुवार

सरांनी एक लेख दिला. "बसून वाच." परदेशात उंदरांच्या पोटात या नळ्या सोडल्या. लांब नळ्यांनी, श्वासातून जाऊन कर्करोग करणाऱ्या अॅस्बेस्टॉससारखी सूज आली. लांब, बारीक, न विरघळणाऱ्या — म्हणजे ज्यासाठी मी त्यांचं कौतुक करते, तेच!

दोन वर्षं मी नाकाला ओढणी बांधून ती पूड खरवडतेय.

"सर, मला दिवस गेलेत."

सरांनी चष्मा काढला. "सुकी पूड आजपासून तुला बंद. भट्टी मी बघीन. तू ओल्या शाईचं बघ, ओलं असलं की उडत नाही." दारापर्यंत गेले आणि वळले. "मला आधी सुचायला हवं होतं, बाळा."

३० मे

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हे मला माहीत नाही गं. कुणाला विचारू ते सांग, मी विचारते."



८ जून, रविवार

आई आली सुरगाण्याहून. नागलीचं पीठ, आंब्याचं लोणचं, आणि हजार सूचना.

यादवला दाखवायला आणलेला काळ्या कापडाचा तुकडा टेबलावर होता. अंघोळ करून येते तर तो दोरीवर वाळतोय!

"लय मळलेला व्हता. दोनदा साबण लावला, तरी काळाच. नाय निघत."

हसू की रडू! तीन आठवड्यांचं काम.

९ जून, सोमवार

शाई निघत नाही! धुऊनही वीज तेवढीच! मीटर बदलून पाहिला. त्याचेच तुकडे कापून तीन नव्या जोड्या भरल्या — दिवा लागला. आईने दगडावर घासलेलं कापड!

सर उभेच राहिले. "धुतलं तरी वीज धरणारं कापड! मीना, याच्यावर तुझा प्रबंध पुरा." आता फक्त लिहायचं. दिवाळीच्या आत पदवी!

संध्याकाळी आईला मिठी मारली. "आई, तुझ्यामुळे झालं सगळं!"

"माझ्यामुळं कशापायी? पयलं पाणी तेवढं काळं आलं. फेकायचं कशाला म्हणून मिरचीच्या रोपाला वतलं."

मी हसतच होते. मग तिचे हात बघितले. नखांच्या कडा काळ्या.

१२ जून

उरलेला तुकडा प्रयोगशाळेत पुन्हा धुतला, काचेच्या भांड्यात. पाणी साफ दिसलं. दोन तास तसंच राहू दिलं, मग उजेडासमोर धरलं. किंचित राखाडी. एक थेंब वाळवून पुण्याला पाठवलाय.

मिरचीचं रोप मातीसकट उपटून पिशवीत बांधलं. आई रुसलीय. तिला सांगितलं, पण काय सांगितलं ते माझं मलाच नीट कळलं नाही.

२० जून, शुक्रवार

फोटो आले. त्याच नळ्या. तुटलेल्या, गुंतलेल्या, आणि तितक्याच सुंदर. एका थेंबात एवढ्या! पहिल्या दिवशी बघत राहिले होते तशीच बघत राहिले, आणि तशी मुळीच नाही.

२३ जून, सोमवार

सरांना सांगितलं, विषय बदलते. कापडात वीज किती राहते हे नको. कापडातून काय सुटतं, कुठे जातं, तिथे काय करतं — ते.

"पहिल्यापासून सुरू करावं लागेल. आणि तुझा दिवा दुसरं कुणीतरी छापेल."

"छापू दे, सर."