डाव्या पायाचा अंगठा

तीर्थस्वरूप थेन मामांस,

भाच्याचा नेवाडाहून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि टर्की पक्षी यांची खुशाली (महत्त्वाच्या क्रमाने) कळवावी. मी ठीक आहे. एका खानावळीत बशा विसळतो. त्याआधी मेंढ्या राखत होतो, पण जमलं नाही. त्या सगळ्या एकामागोमाग एकाच दिशेने जायच्या, आणि मला घरची आठवण यायची.

मामा, मी वैतागलोय. दोन वर्षांत पाच गावं बदलली. प्रत्येक गावात आठवड्याच्या आत आपल्या पंथाचे दोन टायवाले मॉर्मन प्रचारक बंधू बिस्किटं घेऊन दारात. पत्ता आई पुरवते. परवाचे आले तेव्हा मी कॉफी पीत होतो. (मला आवडत नाही, कडू जहर लागते. पण आपल्या पंथात कॉफी चालत नाही ना, म्हणून रोज दोन कप नेमाने पितो.) त्यातला थोरला म्हणाला, जबरदस्ती कुणी केली, तुम्हीच पंथ निवडलात की आठव्या वर्षी!

आठव्या वर्षी मी फक्त कुत्र्याचं नाव निवडलं होतं, तेही घरच्यांनी बदललं. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाबांनी विचारलं होतं खरं, "तुझ्या मर्जीनेच ना रे?" पण तोवर अंगात पांढरे कपडे, आजी चार तास गाडी हाकून आलेली, आणि शेजारच्या खोलीत चीज घातलेले बटाटे गार होत होते. अशा वेळी "विचार करून सांगतो" म्हणणारं पोर अजून जन्मलेलं नाही.

बाणेदार निघाला तो एकटा माझा डावा अंगठा. बाबांनी मला टाकीत बुडवलं, अंगठा वर. तुम्ही साक्षीदार होतात, नकारार्थी मान हलवलीत. केसापासून नखापर्यंत सगळं पाण्याखाली जायला हवं. पुन्हा बुडवलं, पुन्हा अंगठा वर. तिसऱ्या वेळी बाबांनी माझ्या पावलावर पाय ठेवला. (मर्जीचं म्हणाल तर ते एवढंच.) मग तुम्ही मान डोलावलीत.

आता मुद्दा. पंथातून नाव काढून घ्यायचा अर्ज चार महिने खिशात आहे, टाकवत नाही. आई म्हणते, वर स्वर्गात सगळं कुटुंब एकत्र बसेल आणि तुझी खुर्ची रिकामी असेल. पण तिसऱ्या वेळीही अंगठा बाहेर राहिला असेल, तर मी मॉर्मन झालोच नाही, अर्ज नको, आईचं रडणं नको. दोन ओळी लिहून द्या. तुमचे डोळे तेव्हाही अधू होते, हे मी कुणाला सांगणार नाही.

तुमचा,
डेलन

ता. क. आईला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, आणि काल फोनवर मीच बोलून गेलो. आई म्हणाली, "मला तेव्हाच दिसला होता रे तो अंगठा, तिसऱ्या वेळीही बाहेर. म्हटलं, राहू दे. हे पोर एका जागी बसणारं नाही, सुटायला कधीतरी लागेल त्याला." आता सांगा मामा, अशा बाईविरुद्ध बंड करायचं तरी कसं? अर्ज फाडला. कॉफीही सोडली, तिच्यात आता काही राम उरला नाही.

ता. क. तिसरा. त्या टाकीतलं पाणी हल्ली कोमट करतात का? येतोय असं नाही. सहज विचारलं.