आत्याची डावी टाच

शिरूर,
ता. ४ जानेवारी

ती. हनुमंतदादास,
अंकिताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. अकॅडमीत सरांनी सगळ्यांचे मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवलेत, पोलीस भरतीचं ग्राउंड आणि नंतरची लेखी होईपर्यंत मिळायचे नाहीत. म्हणून वहीचं पान फाडून लिहितेय. सोपानमामांचा दुधाचा टेम्पो दौंडकडं येतो, त्यांच्या हातून पोचेल.

दादा, पोटऱ्यांचे नुसते दगड झालेत. आणि आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर कमरेत उसण भरते ती भरतेच. मागच्या दोन्ही भरत्या त्याच वळणावर गेल्या. आबांनी बजावलंय, ही तिसरी आणि शेवटची, नंतर केंदूरच्या स्थळाला होकार द्यायचा. पोरगा वाईट नाही रे, पण मला वर्दी पाहिजे. इथल्या तेजश्रीकडं मसाज गन आहे. घुर्रर्र करत पोटरीवर चालते आणि पाय मोकळा होतो. पण ती बया कुणाला हात लावू देत नाही. मला तसली एक बघून दे. तू रेल्वेत खडी ठोकतोस, अंगदुखीतलं तुला जास्त कळतं.

आत्याचा पाय असता तर मशीन कशाला लागलं असतं म्हणा! केवढी माणसं यायची तिच्या दारात. पायाळू बाई, जन्मताना पाय आधी आले म्हणून तिच्या पायाला गुण. पालथं पडायचं, तिनं कमरेवर डावी टाच ठेवायची, की उसण पळाली. फक्त उठल्यावर त्या पायाला नमस्कार करायचा, नाहीतर पाय पाठीवरून उठत नाही म्हणायची. मालनबाई आठवते? हसत हसत तशीच घरी गेली, आणि आठ दिवसांनी वाकून वाकून परत आली नमस्काराला. आपण किती हसलो होतो.

आत्या आता कशी आहे? ऑपरेशनची जखम भरली का?

कळावं. तुझा लोभ आहेच, या खेपेला त्याच्याबरोबर मशीन पण येऊ दे.

तुझी,
अंकिता


रेल्वे कॉलनी, दौंड,
ता. ११ जानेवारी

चि. अंकितास,
हनुमंताचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. गँगमधला हौशीराम विचारत होता, कुणाचं लव्ह लेटर हाय. म्हणलं, बहिणीचा हुकूम हाय बाबा.

तीन दुकानं पालथी घातली. स्वस्तातलं मशीन जरा दाबलं की बंदच पडायचं, म्हाताऱ्या बैलावानी. दुसरं दणकट होतं, पण धरून धरून हातच भरून यायचा. शेवटी हे घेतलं. वजनाला हलकं, आवाज कमी, चार्जिंग टिकतं. आन् ह्याला दिवे हायेत. हवेत धरलं तर दिवा लागत न्हाई, अंगाला नीट टेकलं की हिरवा, जास्त दाबलं की लाल. गोल डोकं पोटरीला लाव. नडगीवर आन् मणक्यावर अजिबात लावू नको.

आता आत्याचं. शुगरपायी डावा पाय गुडघ्याखाली काढला, जखम भरली. पण नसलेला पाय ठणकतो गं तिचा. अंगठा पिरगळतोय म्हणून दिवसभर कण्हती, झोप न्हाई. डॉक्टर म्हणले, पाय गेल्याचं डोक्याला अजून कळलं न्हाई, असं होतं. मशीन बघून म्हणाली, माझ्या पायाला लाव. मी उजव्याला लावलं तर खेकसली, डाव्याला लाव म्हणाली. म्हातारीचं मन मोडवंना, म्हणून गुडघ्याच्या खाली, मोकळ्या चादरीच्या वर हवेत धरलं.

अंकिता, खंडोबाची आण, मशीनचा आवाज बसला. मांसात दाबल्यावर बसतो तसा. आन् हिरवा दिवा लागला. वीतभर बाजूला नेलं, विझला. परत आणलं, लागला. माझ्या हाताला खालनं कायतरी टणक लागत होतं. आत्यानं डोळे मिटून घेतले, टाचंला धर म्हणाली, आन् किती दिवसांनी झोपली.

दुकानदाराला दाखवलं, त्याला काय दोष सापडला न्हाई. मी म्हणलं, राहू दे मशीन आत्यालाच. तर ऐकंना. पोरीला धाड म्हणती, मशीन पोटऱ्यांचं बघंल, उसणीचं माझं मी बघते. तिचं काय ते तिलाच ठाऊक.

जपून पळ. आमची माया हायच, ती काय दिव्यावर दिसत न्हाई.

तुझा दादा,
हनुमंत


शिरूर,
ता. १९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मशीन मिळालं. पोटऱ्या सुटल्या, देवा शपथ! आता मीच कुणाला हात लावू देत नाही. हवेत धरून पाहिलं, खाटेवर पाहिलं, खिडकीत पाहिलं, कुठं दिवा लागला नाही. तुझी गोष्ट पोरींना वाचून दाखवली तर हसून लोळल्या. तेजश्री म्हणते, भावाला आधी रजा घ्यायला सांग.

पण दादा, आत्याची झोप मी इकडं ओढून आणली, हे मनाला टोचतं. ग्राउंड झालं की मशीन तिचं. वळणावर उसण अजून भरते. ग्राउंड २९ तारखेला आहे. बाकी भंडारा उचलून देवावर सोडलंय.

आत्याला नमस्कार. आहे तसा जीव लावत राहा.

तुझी,
अंकिता


दौंड,
ता. ३० जानेवारी

चि. अंकितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काय झालं ते अजून कळलं न्हाई, पण धीर निघंना म्हणून लिहितोय. काल सकाळी आत्या चहा पीत होती. मधीच कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी डावी मांडी उचलली आन् जोरात पुढं झटकली, कुणाला तरी लाथ घालावी तशी. मग गुडघ्याखाली चाचपलं आन् हसली. पाय गेला म्हणाली, पोरीकडं गेला.

तवापासनं ठणका न्हाई. जेवती, झोपती, काल रात्री तर घोरत होती. किती दिवसांनी घरात कण्हण्याचा आवाज न्हाई. पण जागी झाली की एकच विचारती, अंकितानं नमस्कार केला का. तू नमस्कार केलास की पाय तिच्याकडं परत येणार, आन् येताना ठणका घेऊन येणार. तिची तयारी हाय. पोरीला लगेच नमस्कार करायला लिही, असं बजावलंय तिनं. मी निरोप पोचवला, पुढचं तूच ठरव.

जीव लागून राहिलाय, लगोलग लिही.

तुझा दादा,
हनुमंत


शिरूर,
ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ग्राउंड निघालं दादा! मार्क चांगले पडलेत. आबांना सांग, केंदूरच्या मंडळींना थांबायला सांगा म्हणावं. ही बातमी आधी लिहिली, कारण पुढचं वाचून तू ती विसरशील.

त्या वळणावर उसण भरली. मी वाकले, मागच्या पोरी पुढं निघाल्या. मला रडू फुटलं होतं. तेवढ्यात कमरेवर टाच पडली. अनवाणी, कोमट, कडेला खोल भेग पडलेली. ती भेग मी लहानपणी कोकमतेल लावून भरायचे, मला ती हजारात ओळखू येईल. मागं कोणी नव्हतं. उसण सुटली आणि मी सुटले. संपल्यावर तेजश्रीनं माझ्या टी-शर्टवरची मातीची टाच बघितली. आता ती हसत नाही. खाट पण पलीकडं नेलीय तिनं.

पळताना नमस्कार कुठला करणार? नंतर रांगेत उभं केलं. वाटलं होतं हॉस्टेलवर आल्यावर करू. केला नाही, आणि टाच तिथंच आहे. बसले तरी आहे, उताणी झोपले तरी आहे. मशीन उलट्या हातानं कमरेमागं हवेत धरलं. आवाज बसला. हिरवा दिवा लागला.

मग तुझं पत्र आलं. नमस्कार करायला हात जोडले होते, दादा, आत्या घोरते हे वाचलं आणि सोडले. वर्दी तिच्या पायानं मिळतेय मला. ठणका काय, तो माझ्या तरण्या अंगाला झेपेल. तिनं विचारलं तर सांग, पोरगी कामात आहे, सवडीनं करेल.

आत्ता हे लिहिताना पुन्हा मशीन धरून बघितलं. दिवा लाल आहे.

कळावं. लोभ असू दे, आणि आत्याला झोपू दे.

तुझी,
अंकिता