पहारेकरी बहिरा होता काय!

गुरुवार, ९ जानेवारी

टीव्हीचा साउंडबार साडेपाच हजारात पडला असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं! दुकानदार ब्रॅकेट ‘फ्री’ म्हणाला होता, त्याचे साडेतीनशे घेतले. ड्रिल मारताना हॉलची टाइल फुटली ती फुटलीच. आणि शेजारच्या माईंना आवाजाचा त्रास होतो म्हणून अर्धा किलो बर्फी. ती घेऊन वर म्हणतात, ‘‘बर्फी कशाला भाऊ, आवाज कमी करा ना!’’

एवढं करून सिरियलमधले ते व्हायकिंग पुटपुटतातच. हिंदी डबिंगवाल्यांना तोंड उघडायचे पैसे वेगळे द्यावे लागतात बहुतेक.

शुक्रवार, १० जानेवारी

सात भाग बघून झाले. काही म्हणजे काही जुळत नाही.

म्हातारीने चांदीचा हंडा पुरला. कुठे, ते कोणालाच माहीत नाही. ती मेली. पुढच्या भागात धाकटा मुलगा फावडं घेऊन सरळ त्याच जागी! याला सांगितलं कोणी? मी मोटर-पंप दुरुस्त करतो, पण मोटर उघडण्याआधी मलासुद्धा गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, बाबा, जळाली कशी?

आणि ती बोट. संध्याकाळी निघाली, सकाळी इंग्लंड. दाढीसुद्धा ओली नाही. आमची मोटर अंबरनाथहून पनवेलला जायला टेम्पोवाला दोन दिवस लावतो.

हिमानीने लावून दिली होती ही सिरियल, गेल्या मे महिन्यात. ‘‘पप्पा, मारामारी आहे, तुम्हाला आवडेल.’’ त्यानंतर ती या घरात आलेली नाही.

शनिवार, ११ जानेवारी

आज कहर झाला. तीनशे माणसं जंगलातून आली. लोखंडी ढाली, कुऱ्हाडी, बरोबर दोन कुत्री. आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला पत्ता नाही! चांगला जागा होता, भाकरी खात होता. बहिरा होता काय?

मी असतो तर पहिलं कुत्रं नदीपलीकडे असतानाच उठलो असतो. उल्हासनगरचे साईं, आमचे जुने सिंधी गिऱ्हाईक, मोबाइल पंपाला लावून विचारतात, ‘‘सुनो, क्या बोलता है?’’ मी इकडे बसून सांगतो, बेअरिंग की वाइंडिंग. परवाच सांगितलं, बेअरिंग एकदम ओके, चालू द्या. गॅरेजबाहेर बाकडं टाकून धंदा सुरू केला तेव्हा करंट तपासायचं मीटर घ्यायला पैसे नव्हते. या कानांच्या जोरावर दोन खोल्यांच्या तीन केल्यात!

सोमवार, १३ जानेवारी

साईंचा पंप दुकानात आला. बेअरिंग जाम. दुकानातला पोरगा महेश म्हणाला, ‘‘शेठ, किंचाळत होता की चांगला.’’

माल हल्ली बोगस येतो.

मंगळवार, १४ जानेवारी

हिमानीचा फोन! दुकानात होतो, मागे ग्राइंडर चालू.

‘‘पप्पा, तिळगूळ घ्या...’’ मग थोडा वेळ काहीच नाही. मग, ‘‘रविवारी येते. दुपारी.’’

‘‘ये,’’ म्हणालो. आणखी पुष्कळ बोलायचं होतं.

मे महिन्यात तिच्या आईच्या वर्षश्राद्धाला आली तेव्हा म्हणाली होती, ‘‘पप्पा, दुकान बंद करा, बदलापूरला आमच्याकडे राहायला या.’’ चांगलंच म्हणत होती. मी जावयासमोर म्हणालो, ‘‘तुमच्या दारात तुकडे मोडायला?’’ ती उठली, चपला घातल्या आणि गेली. अंबरनाथ ते बदलापूर, एक स्टेशन. ना ती आली, ना मी गेलो.

गुरुवार, १६ जानेवारी

जिन्यात माईंची नात चैत्राली भेटली. तीही तीच सिरियल बघते म्हणे. म्हटलं, मला त्या चांदीच्या हंड्याचं सांग.

‘‘काका, मरताना म्हातारी त्याच्या कानात सांगते ना!’’

‘‘सांगते? नुसते ओठ हलवते!’’

‘‘अहो, क्लिअर सांगते. ओक ट्री के नीचे.’’ मग माझ्याकडे बघत राहिली. ‘‘काका, तुम्ही सबटायटल्स लावा.’’

टीव्ही काय वाचायची गोष्ट आहे?

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी घर झाडलं, पुसलं. पडदे धुतले. पोळी-भाजी केंद्रात उद्यासाठी गुळाच्या पोळ्या सांगितल्या.

दुपारी बसून सीझन संपवून टाकला. उद्या हिमानी विचारेल, ‘‘बघितली का?’’ तर बोलायला विषय हवा. शेवटची लढाई काय घेतलीय! आवाज पूर्ण सोडला. माईंचा ठणाणा नाही, त्या आज नातीला घेऊन वांगणीला पुतण्याकडे जाणार होत्या.

ते दोघे भाऊ मात्र शेवटपर्यंत बोलले नाहीत. एकाच खाडीच्या दोन काठांना घरं, आणि बोट पाठवत नाहीत! असं कुठे असतं?

रविवार, १९ जानेवारी

नाही आली.

पोळ्या तशाच. संध्याकाळी मोबाइल बघितला तर तिचा कालचा मिस्ड कॉल. येत नाही हे सांगायलाच केला असणार.

सोमवार, २० जानेवारी

मी फोन करणार नाही. यायचं नव्हतं तर सांगितलं कशाला?

गुळाची पोळी चहात बुडवून खाल्ली.

बुधवार, २२ जानेवारी

माई वांगणीहून आल्या. हातात स्टीलचा डबा. ओळखीचा. आमच्याच घरातला, हिमानीच्या लग्नात दिलेला.

‘‘हिमानी आलेली हो शनिवारी, आम्ही निघत होतो तेव्हा. किती वेळ बेल दाबत होती. फोन लावला. दार ठोकलं. आत तुमची ती लढाई चाललेली.’’

‘‘शनिवारी कशी येईल? रविवारी म्हणाली होती.’’

‘‘मला तर म्हणाली, शनिवारी येते सांगितलं होतं मी. पप्पांना दार उघडायचंच नाही, म्हणाली. डोळे पुसत गेली पोर.’’

मी म्हटलं, ‘‘बेल बिघडलीय.’’

‘‘हा तुमच्यासाठी ठेवून गेली,’’ म्हणत माईंनी डबा माझ्या हातात दिला.

बेल बिघडलीच असणार. चिमणीच्या आवाजाची आहे, हिमानीनेच आणलेली. कित्येक दिवसांत चिमणी ऐकलीच नाही मी! उद्या दुरुस्त करतो आणि लगेच फोन लावतो. बेटा, बेल बंद होती. एवढंच सांगायचं. ऐकेल ती.

डब्यात तिळाच्या वड्या. एक खाल्ली.

गुरुवार, २३ जानेवारी

महेशला दाराबाहेर उभं केलं. बेलचं झाकण काढलं, टेस्टर लावला. करंट येतोय. म्हटलं, ‘‘दाब.’’

‘‘दाबलीय, शेठ.’’

स्पीकरवर बोट ठेवलं. बोटाखाली थरथरत होतं.

बेल चांगली आहे.